लॉ कॉलेजचा निबंध आणि कोळशाची खोली

मी बी.ए. झाले त्या सुमारास मुंबईत कुणी कुणाचं ऐकून घेत नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. गिरगावातल्या आमच्या चाळीत नळावर, जिन्यात, न्हाव्यासमोर मान वाकवून बसल्या बसल्यासुद्धा माणसं भाषणाच्या आवाजात बोलायची. मुंबई आपली, हे सगळ्यांचंच म्हणणं असल्यामुळे ऐकून घेण्याची तशी गरजही नव्हती. वाद घालायचा तर दुसरी बाजू लागते, आणि आमच्या चाळीत ती औषधालाही सापडली नसती.

नेमकं तेव्हाच मला वकील व्हायचं होतं.

माझे आईवडील रत्नागिरीला. मी मॅट्रिकनंतर शिकायला काका-काकूंकडे राहिले होते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे माझी चैन होती. काका विमा कंपनीत कारकून. स्वभावानं इतके सावध की चळवळीच्या बाजूनं बोलतानाही आधी खिडकी लावून घ्यायचे. काकू उलटी. ती मोर्च्याला जाऊन आली होती आणि घसा बसल्याचं चार दिवस सगळ्या मजल्यांवर कौतुकानं सांगत होती, बसलेल्या आवाजात.

वकिलीची कल्पना माझी नव्हती, माझ्या मैत्रिणीची होती. कॉलेजात चार वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. ती डिलाईल रोडच्या चाळीत राहायची. वडील गिरणीत साळखात्यात, मागावर. त्यांच्या घरानं नुकताच बौद्ध धम्म स्वीकारला होता. खोलीत शिरलं की समोरच्या फळीवर बुद्धाची नवी कोरी मूर्ती दिसायची आणि मूर्तीला टेकून वडिलांचं गजराचं घड्याळ. मैत्रीण उंचीनं माझ्या खांद्याला लागायची. पण तिच्याशी बोलताना माणसं का कोण जाणे मान वर करून बोलतात असं मला वाटायचं. निकालाच्या दिवशी तिनं मला विचारलं, "तू आता काय करणार?"

"बी.टी. करीन म्हणते. मास्तरीण होईन."

"तुला मुलं आवडतात?"

"नाही."

"मग माझ्याबरोबर लॉला चल. तिथे मोठी माणसं असतात."

इतक्या विचारानं माझा व्यवसाय ठरला.

बाकीच्या लॉ कॉलेजांत तेव्हा पदवीचा कागद दाखवला आणि फी भरली की काम झालं. आम्हाला सोयीचं असं सकाळी भरणारं जे कॉलेज होतं, तिथल्या प्राचार्यांना मात्र खोड होती. उमेदवारांना एका हॉलमध्ये बसवून ते इंग्रजीत निबंध लिहून घेत. एका प्रसंगात दोन मार्ग दिलेले असत. त्यांतला एक निवडायचा आणि तोच का, ते पटवून द्यायचं. मग ते स्वतः निबंध वाचत आणि एकेकाला बोलावून घेत. कायद्याचं काही यायला हवं अशी अट नव्हती. आम्हाला वाटलं, निबंध तर आपण पहिलीपासून लिहितोय. गाय, नदी, माझा आवडता ऋतू.

हा भ्रम मैत्रिणीच्या चाळीतल्या एका तरुणानं घालवला. तो आदल्या वर्षी त्याच परीक्षेत नापास झाला होता, आणि नापास झाल्याचा त्याला जरासुद्धा कमीपणा वाटत नव्हता. तो चळवळीच्या सभांत बोलायचा. परळ-लालबागला त्याचं नाव होतं.

"मला आलं होतं, शहरानं आधी शाळा बांधावी का इस्पितळ," त्यानं सांगितलं. "मी शाळा घेतली. आणि इस्पितळाची अशी वाट लावली, अशी वाट लावली, की डॉक्टरनं परत दाराशी उभं राहू नये."

"मग?"

"मग त्या म्हाताऱ्यानं आत बोलावलं. म्हणाला, शाळा मला पटली. पण मिस्टर, इस्पितळात कधी कुणी बरं होतं की नाही? मी म्हटलं, तो प्रश्न नव्हता. तो म्हणाला, तोच प्रश्न होता. तुम्ही उत्तम पुढारी व्हाल. वकील होऊ नका."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"कशाला? पुढारीच व्हायचंय की."

मैत्रीण मला ट्रामपर्यंत पोचवायला आली. लालबागच्या नाक्यावर ट्रामची वाट बघत उभ्या होतो तेव्हा म्हणाली, "म्हणजे दुसऱ्या बाजूबद्दल एक तरी परिच्छेद पाहिजे. मनापासून लिहिलेला."

आम्ही सरावाला लागलो. ती सकाळी शिकवण्या करायची आणि दुपारी आमच्याकडे यायची. आमच्या गॅलरीत चटईवर बसून आम्ही एकमेकींना विषय द्यायचो. मी पहिल्याच दिवशी ट्राम बरी की बस या विषयावर ट्रामच्या बाजूनं लिहिलं. तिनं ते हातात घेतलं, उभी राहिली, कठड्यावर मूठ आपटली आणि वाचायला लागली. ट्राम हा मुंबईकराचा जन्मसिद्ध वारसा होता, बस हे भांडवलदारांचं कारस्थान होतं, आणि शेवटच्या ओळीत मी ट्रामसाठी रक्त सांडायला तयार झाले होते. समोरच्या गॅलरीतल्या बाई पापड लाटायच्या थांबून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघ," मैत्रीण खाली बसत म्हणाली. "टाळ्या पडल्या. म्हणजे नापास."

तिचा दोष वेगळा होता. ती इतकी तोलून मापून लिहायची की शेवटी ट्रामनं जायचं की बसनं, ते कळायचंच नाही. माणूस आपला चालत सुटेल. मग आम्ही नियम केला. जी बाजू आपल्याला पटत नाही तीच घ्यायची, आधी मराठीत लिहायची, मग इंग्रजी करायची, आणि मध्ये एक परिच्छेद समोरच्याच्या वतीनं असा लिहायचा की त्यानं वाचून म्हणावं, अगदी माझ्या मनातलं बोललात. मराठीत त्याची सुरुवात आम्ही "हे मान्य केले पाहिजे की" अशी करायचो आणि शेवटाकडे वळताना "सबब" लिहायचो. "सबब" आम्हाला भारी वकिली वाटायचं. आम्ही ते जेवणातही वापरायला लागलो. आमटी आंबट आहे हे मान्य केले पाहिजे, सबब भात वाढ. काकू म्हणायची, पोरींना लागीर झालंय.

काकूच्या कपांची गोष्ट इथेच सांगते, कारण ती त्याच दिवसांतली. आमच्याकडे निळ्या काठाचे सहा कप होते, एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेले. मैत्रीण यायला लागल्यापासून पाच कप स्वयंपाकघरातल्या फळीवर असायचे आणि सहावा गॅलरीच्या कोनाड्यात. तिला चहा त्यातून मिळायचा. काकू कधी वाकडं बोलली नाही. उलट ती आली की आधी तिला खायला द्यायची, शिरा केला तर तिच्यासाठी झाकून ठेवायची. फक्त कप कोनाड्यात. मैत्रीण चहा प्यायची, कप विसळून कोनाड्यात ठेवायची आणि निबंधाला लागायची. एकदा मीच म्हटलं, "आपण या विषयावर लिहू या का?"

"नको," ती म्हणाली.

त्यानंतर एका दुपारी काकू भाजीला गेली होती. आम्ही लिहीत होतो. मैत्रीण उठली, आत गेली, आणि मोरीतून भांड्यांचा आवाज यायला लागला. मी डोकावले तर ती फळीवरचे पाचही कप घेऊन घासत बसली होती. कोनाड्यातला सहावा मधोमध. घासून झाल्यावर तिनं सहाही कप पुसले, त्यांची जागा दोनतीनदा बदलली, जत्रेतला माणूस वाट्यांखाली गोटी लपवतो तशी, आणि फळीवर ओळीनं पालथे घातले. मग पदराला हात पुसत येऊन बसली.

"कुठपर्यंत आलो होतो आपण?"

काकू आली. पिशवी ठेवून ती चहा करायला वळली आणि फळीपाशी थबकली. आधी तिनं कोनाड्याकडे पाहिलं. मग सहा कपांकडे. एक उचलून उलटसुलट केला, ठेवला, दुसरा उचलला. सहाच्या सहा सारखे. आता विचारायचं तर काय विचारायचं? "यातला तुझा कुठला?" म्हणजे इतके दिवस जे कुणी बोललं नव्हतं ते मोठ्यानं बोलण्यासारखं. मी पेन्सिलीला टोक करत बसले. पेन्सिल निम्मी झाली.

"काकू, कप घाण झाले होते, मी सगळे घासले," मैत्रीण गॅलरीतूनच म्हणाली. "चहा मी टाकू का?"

काकूनं हातातला कप फळीवर ठेवला. मग म्हणाली, "टाक. आलं ठेचून घाल. आणि यांना यायची वेळ झाली, त्यांचाही टाक."

काका ऑफिसातून आले, टोपी खुंटीला लावली, कप हातात घेतला आणि म्हणाले, "वा, आज चहा जमलाय." काकूनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग स्वतःचा कप उचलला आणि प्यायली. पुढे कोनाड्यात तिनं मिठाची बरणी ठेवली.

ट्रामपर्यंत पोचवायला गेले तेव्हा मैत्रीण म्हणाली, "निबंध लिहिला असता तर तुझ्या काकूला दुसरी बाजू मांडावी लागली असती. आणि एकदा मांडली की माणूस ती सोडत नाही."

मी हे वाक्य पुढे कोर्टात फार वापरलं. तिचं आहे हे मात्र दर वेळी सांगितलेलं नाही.

याच सुमारास आमच्या चाळीला खरोखरची दुसरी बाजू मिळाली. तळमजल्यावर कोळशाचं दुकान होतं, ते बंद पडलं. खोलीच्या भिंती इतक्या काळ्या झाल्या होत्या की मालकाला भाडेकरू मिळेना. शेवटी त्यानं निरोप पाठवला की सध्या चाळीनं ती खोली सार्वजनिक कामाला वापरावी, फक्त चुना स्वतः लावून घ्यावा. झालं. चाळीत दोन तट पडले. पुरुषांना वाचनालय हवं होतं. बायकांना दुपारी बसायला, शिवणाचं मशीन ठेवायला जागा हवी होती. पुरुषांच्या वतीनं बोलायला काकांना उभं करायचं ठरलं, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं. अक्षराचा आणि बोलण्याचा संबंध काय, हे कुणी विचारलं नाही. बायकांच्या वतीनं अर्थातच काकू.

काकांनी मला जिन्यात गाठलं. "बाळ, जरा चार मुद्दे काढून दे. तुझा अभ्यासही होईल. हिला मात्र बोलू नकोस."

काकूनं मला नळावर गाठलं. "मला बोलता येतं गं, पण सुरुवात कशी करायची ते सुचत नाही. थोडं लिहून दे. त्यांना कळता कामा नये."

मी दोघांनाही हो म्हटलं. मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकले. "आपल्या नियमाप्रमाणे करायचं," ती म्हणाली. तिचं सगळं शिक्षण डिलाईल रोडच्या एका वाचनालयातल्या बाकावर झालेलं, म्हणून तिनं काकूचं भाषण घेतलं. मला दुपारी पाय पसरायला जागा हवी होती, म्हणून मी काकांचं. आम्ही जीव ओतून लिहिलं. चळवळीतला एकही शब्द येऊ दिला नाही. आणि दोन्हीत नियमाप्रमाणे एकेक परिच्छेद समोरच्याच्या वतीनं. खरं सांगायचं तर तेच परिच्छेद सगळ्यात चांगले उतरले होते, कारण तेवढेच आमच्या मनातले होते.

मग पाठांतर. काका गच्चीवर फेऱ्या मारत घोकायचे. काकू कणीक तिंबताना घोकायची. काका खोलीत शिरले की ती एकदम आरती म्हणायला लागायची. दोघांनाही परिच्छेदाबद्दल शंका होती. "हे बायकांचं कौतुक कशाला?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, त्यानं आपला मोठेपणा दिसतो. मोठेपणा म्हटल्यावर काका पुन्हा फेऱ्या मारायला लागले. काकूला मैत्रिणीनं सांगितलं की समोरचा आधी मऊ करून घ्यावा लागतो. ते तिला कणकेमुळे लगेच पटलं.

सभा रविवारी सकाळी चाळीच्या चौकात भरली. अध्यक्ष दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, मुलं गॅलऱ्यांच्या कठड्यांवर. मैत्रीण मुद्दाम लवकर आली होती. आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर, दोन्ही तटांच्या बरोबर मध्ये बसलो.

काका उठले. सुरुवात ठीक झाली. वर्तमानपत्र चार घरांत मिळून एक येतं, मुलांना अभ्यासाला कोपरा नाही, वगैरे. पुरुषांनी माना डोलावल्या. मग तो परिच्छेद आला. आणि काकांचा आवाज बदलला. घोकून घोकून त्यांना बहुधा तो खरा वाटायला लागला होता.

"हे मान्य केले पाहिजे," काका म्हणाले, "की आपण पुरुष दहाला बाहेर पडतो ते सहाला येतो. घरातली बाई त्या वेळात कुठे बसते? चुलीसमोर. दुपारी पडायचं म्हटलं तर सासरे खोलीत असतात. सबंध चाळीत तिला तिची अशी एक वीतभर जागा नाही. आपण स्वतःच्या बायकोला कधी विचारलंय का, की तू दुपारची कुठे बसतेस?"

दोन-तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. पुरुष आपापल्या चपलांकडे बघत होते. त्यानंतर काकांनी "सबब वाचनालय" म्हटलं ते कुणी ऐकलंसुद्धा नाही.

काकू उठली. तिचे डोळे लाल. तरी तिनं भाषण सोडलं नाही. मशीन, शिवण, बायकांच्या हाताला चार पैसे, हे सगळं तिनं ठसक्यात सांगितलं. मग म्हणाली, "हे मान्य केले पाहिजे की वाचनालय ही चैन नाही. ज्या पोराच्या घरी आठ माणसं एका खोलीत राहतात, त्याला वाचनालयातला बाक म्हणजे स्वतःचं घर. तिथे त्याला कुणी ऊठ म्हणत नाही. तिथे बसून शिकलेली मुलगी मी पाहिली आहे. ती माझ्या घरी येते."

शेवटची दोन वाक्यं आम्ही लिहिलेली नव्हती. मैत्रीण पायरीवरच्या खडूच्या रेघोट्यांकडे बघत राहिली.

अध्यक्षांनी मत घ्यायला सांगितलं. वाचनालय हवं असणाऱ्यांनी हात वर करा, म्हटल्यावर बायकांचे हात वर गेले. शिवणाची खोली हवी असणाऱ्यांनी, म्हटल्यावर पुरुषांचे. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि दोन्ही तटांना विचारलं की तुम्हाला प्रश्न नीट कळला आहे ना. पुन्हा मत घेतलं. पुन्हा तेच. मग भांडण लागलं, पण उलटं. बायका म्हणायला लागल्या, पोरांना वाचनालय द्या. पुरुष म्हणायला लागले, नाही, बायकांना आधी. काका वाचनालयाचा कागद हातात धरून शिवणाच्या बाजूनं तावातावानं बोलत होते. मैत्रिणीनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं होतं आणि तिचं सगळं अंग हलत होतं.

एवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतले एक आजोबा काठी टेकत उभे राहिले. "निवडणुका आल्यात," ते म्हणाले. "आपल्या कार्यकर्त्यांना बोर्ड रंगवायला जागा नाही. रस्त्यावर बसून रंगवतात. आणि आपण खोलीवरनं भांडतोय."

मत घ्यावंच लागलं नाही. सगळ्या चौकाचे हात वर गेले, कठड्यावरच्या मुलांचेसुद्धा. संध्याकाळी खोलीत रंगाचे डबे आले.

घरी आल्यावर काकूनं आम्हाला दोघींना समोर बसवलं. "तुझ्या काकांनी," ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून माझ्यासमोर एकदासुद्धा सबब म्हटलेलं नाही."

मैत्रीण चटईची काडी मोडायला लागली.

"आणि मीही नाही."

काका खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली न घेता म्हणाले, "जाऊ दे गं. चांगलं लिहिलं होतं." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तू दुपारी खरंच कुठे बसतेस?"

काकू म्हणाली, "इथेच. तुमच्या खुर्चीत." आणि हसत सुटली.

निवडणुका झाल्यावर बोर्ड गेले, रंगाचे डबे गेले. एका दुपारी, पुरुष ऑफिसात असताना, काकूनं चार बायका घेतल्या आणि शिवणाचं मशीन उचलून त्या खोलीत नेऊन ठेवलं. सभा नाही, मत नाही. संध्याकाळी काकांनी त्याच मशीनच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.

परीक्षा जूनमध्ये होती. हॉल मोठा, पंखे उंच, आणि साठसत्तर मुलग्यांत आम्ही दोघी. दहाला सुरू व्हायची ती परीक्षा सुरूच होईना, कारण प्रश्न प्राचार्यांच्या खिशात आणि प्राचार्यांचा पत्ता नाही. बऱ्याच वेळानं ते आले. वयस्कर पारशी गृहस्थ, पांढरा कोट, घाईचा मागमूस नाही. त्यांनी स्वतः फळ्यावर प्रश्न लिहिला. एका कचेरीला एकच माणूस नेमायचा आहे. एक उमेदवार कामात तरबेज, पण नेहमी उशिरा येणारा. दुसरा नवखा, पण वेळेवर हजर. कुणाला नेमाल?

सगळ्या हॉलनं आधी फळ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग प्राचार्यांकडे. ते खिडकीतून बाहेर बघत होते. माझ्या आजूबाजूला फटाफट दौतींची झाकणं उघडली. कुणाची बाजू घ्यायची, याबद्दल हॉलमध्ये फारसा मतभेद दिसला नाही. मीही उशिरा येणाऱ्यालाच नेमलं. मधल्या परिच्छेदात वेळेवर येणाऱ्याबद्दल दोन बरे शब्द लिहिले. मैत्रिणीकडे पाहिलं तर ती मान खाली घालून लिहीत होती आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यावरून मला कळलं की ही काहीतरी घोटाळा करणार.

आठवड्यानं एकेकाला आत बोलावलं. ती माझ्या आधी गेली आणि दार अर्धवट उघडं राहिलं, त्यामुळे मी सगळं ऐकलं. संभाषण इंग्रजीत झालं.

"उशिरा येणाऱ्यांवर तुम्ही फारच कडक आहात," प्राचार्य म्हणाले.

"मी एक परिच्छेद त्यांच्या बाजूनं लिहिला आहे, सर."

"वाचला. तो वाचून मला त्याला नेमावंसं वाटलं. मग तुम्ही का नाही नेमलं?"

"कारण तो येईपर्यंत कचेरीचं दार कोण उघडणार, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. माझे वडील गिरणीत आहेत, सर. तिथे भोंगा झाल्यावर गेट बंद होतं. तरबेज माणूसही बाहेर राहतो."

आत कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "आणि मी त्या दिवशी उशिरा आलो, याचा तुमच्या उत्तराशी काही संबंध?"

"नाही, सर. तुम्ही नोकरीसाठी अर्ज केला नव्हता."

ते इतके हसले की शिपाई धावत आत गेला.

माझ्या वेळी त्यांनी माझा निबंध समोर धरला. "हे तुम्हाला खरंच वाटतं, की मी उशिरा आलो म्हणून लिहिलंत?"

मी विचार केला. खोटं बोलून सुटण्यासारखा तो चेहरा नव्हता. "सुरुवात तुम्ही उशिरा आलात म्हणून केली, सर," मी म्हटलं. "लिहिता लिहिता पटायला लागलं."

"वकिलांचं तसंच होतं," ते म्हणाले आणि कागदावर काहीतरी खूण केली.

दोघींनाही प्रवेश मिळाला. मैत्रिणीच्या वडिलांनी खात्यात पेढे वाटले, आणि तिच्या आईनं मला जेवायला ठेवून घेऊन बोंबलाची चटणी वाढली. मी ती दोनदा मागून घेतली. काकूला सांगितलं, तर तिनं कशी करतात एवढंच विचारलं.

कॉलेज सुरू झालं. पहिल्या तासाला करार शिकवणारे प्राध्यापक आले. त्यांना प्रत्येक वाक्य "जेंटलमेन" असं म्हणून सुरू करायची सवय होती. जेंटलमेन, करार म्हणजे काय. जेंटलमेन, वही काढा. असं बराच वेळ चाललं. मग पहिल्या बाकावरून मैत्रीण उभी राहिली.

"सर, आम्ही दोघी बाहेर थांबू का?"

प्राध्यापकांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं, जणू कुणीतरी आताच आम्हाला तिथे आणून ठेवलं होतं. "बसा," ते म्हणाले. घसा साफ केला. "जेंटलमेन," ते म्हणाले, थांबले, बोट आमच्या बाकाकडे केलं, "आणि तुम्ही दोघी."

पुढची दोन वर्षं सबंध कॉलेजात आमचं तेच नाव पडलं. कँटीनवालासुद्धा हाक मारायचा, "आणि तुम्ही दोघी, चहा घेणार का?"